तीन नंबरच्या नळीचं झाकण

हिरडखोऱ्याच्या माध्यमिक विद्यालयात गेल्या चोवीस वर्षांत गुरुत्वाकर्षण एकदाही चुकलं नव्हतं. लंबकाचा दोरा सुती असो की नायलॉनचा, गोळा पितळेचा असो की गोटीला गुंडाळलेल्या चिकटपट्टीचा, घड्याळ चालू असो की बंद, उत्तर नऊ दशांश आठच यायचं. याचं श्रेय पृथ्वीला देण्याची पद्धत आहे. शाळेत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की ते यशवंत टेमघरे सरांचं आहे.

सरांची रीत सोपी होती. जर्नलच्या पानावर आधी तळाशी निष्कर्ष लिहायचा. मग गणित उलटं करत वर चढायचं. शेवटी तक्त्यात रीडिंग बसवायची. सुतार खिडकीची चौकट बसवतो तितक्या सहजपणे सर 'बसवायची' म्हणत. त्यांची एक खास सूचनाही असे : "दशांशात थोडा फरक ठेवा रे. सगळ्यांचं सारखं आलं की बाहेरच्या परीक्षकाला उगाच बोलावं लागतं."

सर वाईट शिक्षक नव्हते. प्रयोगशाळेत लंबक तीन, वर्गात मुलं अठ्ठावन्न आणि तास पस्तीस मिनिटांचा. त्यांना त्यांच्या सरांनी असंच शिकवलं होतं, आणि त्या सरांना त्यांच्या सरांनी. एवढ्या मोठ्या परंपरेत गुरुत्वाकर्षणाने थोडं जुळवून घेतलं, तर त्यात गैर काय, असं त्यांना मनापासून वाटे.

अशा या शाळेला चार वर्षांपूर्वी खराखुरा डोंगर मिळाला.

म्हणजे डोंगर आधीपासून होताच. शाळेच्या पाठीमागे, वर्गाच्या खिडकीतून मान वाकडी केल्याशिवाय ज्याचा माथा दिसत नाही, असा तो कांडेश्वरचा उभा उतार. पण सरकारला मुलांच्या भवितव्याची काळजी लागली. मुलं विज्ञानाकडे वळत नाहीत, वळली तर टिकत नाहीत, आणि टिकली तर इथे राहत नाहीत, असा अहवाल आला. त्यावर समिती बसली. समितीत चुकून एक प्रामाणिक बाई होत्या. त्या म्हणाल्या, मुलांना खेळण्यातलं विज्ञान देऊ नका, खरं काम द्या. मुलं खोटी नसतात, आपण दिलेले प्रयोग खोटे असतात. त्यातून 'विज्ञान अभिरुची अभियान' निघालं, आणि घाटातल्या प्रत्येक शाळेला तिच्या डोक्यावरचा डोंगर राखायला मिळाला.

यंत्राचं नाव होतं डोंगरकान. उताराच्या पोटात हातभर खोल, केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंची केबल पुरलेली. तिच्यातून सतत प्रकाश सोडायचा. माती तसूभर सरकली की तंतू ताणला जातो, आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलून येतो. त्या बदलावरून संगणक सांगतो की डोंगर कुठे आणि किती हलला. यात अडचण एकच. तंतू उन्हाने ताणतो, थंडीने आखडतो, ओल धरल्यावरही रुसतो. मग ताण डोंगराचा की हवेचा, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी होत्या नळ्या. उतारावर सहा ठिकाणी जमिनीत उभ्या गाडलेल्या, वर लोखंडी झाकण. झाकण उघडायचं, टेप आत सोडायची, टेपचं टोक पाण्याला लागलं की ती पीं करून वाजते. नळीच्या तोंडापासून पाणी किती खाली आहे, तो आकडा टॅबवर भरायचा. मातीतलं पाणी वर चढलं की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि डोंगर निसटायच्या बेतात येतो. केबल काहीही म्हणो, नळ्यांत पाणी खोल असेल तर संगणक समजायचा, केबलच चुकतेय. मग तो केबललाच दुरुस्त करून घ्यायचा.

ही टेप सोडायचं काम मुलांचं; रीडिंग घेणाऱ्या या मुलांना 'वाचक' म्हणत, आणि त्यांचे सहा गट होते. यंत्र करणाऱ्यांनी सगळ्या शक्यता धरल्या होत्या : वीज पडणं, माकडं, उंदरांनी केबल कुरतडणं. मुलं आज्ञाधारक असतील, ही एकच शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

टॅबवर रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'अपेक्षित' आकडा दिसायचा. भरलेला आकडा त्याच्या जवळपास असला की हिरवी बरोबरची खूण. लांब असला की लाल रंगात 'फेरतपासणी', आणि मुलाचा अभिरुची निर्देशांक खाली. हा निर्देशांक साधासुधा नव्हता. दहावीनंतर जिल्ह्याच्या विज्ञान वसतिगृहात कुणाला घ्यायचं, ते त्यावरच ठरे. शाळेतले समन्वयक म्हणून टेमघरे सरांनी पहिल्याच आठवड्यात तो फिकट आकडा पाहिला आणि त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. निष्कर्ष आधीच लिहिलेला होता.

चार वर्षांत हिरडखोऱ्याची एकोणीस मुलं वसतिगृहात गेली. शाळा जिल्ह्यात पहिली आली. सलग तीनदा.

*

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी अकरा दिवसांच्या पावसानंतर लख्ख उघडीप होती. शाळेत 'विज्ञान आणि करिअर' मेळावा होता. साडेदहाला नऊ शाळांची चारशे मुलं बसने यायची होती, पुण्याहून सहसंचालक यायचे होते, आणि सर्वोत्कृष्ट वाचक म्हणून चौथ्या गटाचा सत्कार व्हायचा होता. मांडवावर फलक होता : 'निरीक्षण करा, मोठे व्हा.'

पावणेनऊला टेमघरे सर हारांची टोपली शोधत असताना ईश्वरी ढेबे समोर येऊन उभी राहिली. नववी ब. डोंगराच्या खांद्यावरच्या धनगरवाड्यातून रोज दीड तास उतरून येणारी. गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात टेपचं रीळ.

"ढेबे, तू रांगोळीत आहेस ना? मग टेप कुणी दिली तुला?"

"कुणी नाही. कपाटाला कुलूप नसतंय." ती धापा टाकत होती. "सर, पाच नंबरमध्ये पाणी नव्वद सेंटीमीटरवर आलंय."

"नव्वद?" सर हसले. "अगं, साडेचार मीटरवर असतं ते. बॅटरी गेली असेल टेपची."

"तीनदा घेतलं. मग सुतळीला दगड बांधून सोडला. सुतळी पण तिथंच भिजली. सुतळीला बॅटरी नसती सर."

ईश्वरीबद्दल सरांचं मत असं होतं की मुलगी हुशार आहे, पण तिला वळण नाही. लंबकाच्या प्रयोगात तिचं उत्तर नऊ दशांश दोन आलं होतं, आणि ते खोडायचं सोडून खाली तिने लिहिलं होतं, 'दोरा ताणतो असं वाटतं.' वाचक म्हणून नेमली तर महिनाभरात सोळा वेळा लाल खूण आणली. वर्गाचा निर्देशांक घसरायला लागला, तेव्हा सरांनी तिला रांगोळी समितीत टाकलं. तिथे तिने अभियानाच्या बोधचिन्हातला डीएनए उलटा वळलाय म्हणून तो सुलटा काढला, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

"मग टॅबवर भर की."

"माझं घेतच नाही तो. निर्देशांक पन्नासच्या खाली गेला की रीडिंग बंद करतात. माझा एकतीस आहे." हे तिने कुठलीही तक्रार नसल्यासारखं, बुटाचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मग दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. "पाच आणि सहा नंबर माझ्या वाटेवरच आहेत. म्हणून मी लिहून ठेवते."

"कधीपासून?"

"तुम्ही काढलं तेव्हापासून."

सरांनी वही उघडली. तारीख, वेळ, नळी, आकडा. कुठे चिखलाचा डाग, कुठे 'आज टेप अडकली, घेतलं नाही.' शेवटच्या पानावर त्यांची नजर खाली उतरत गेली. चार दशांश चार. तीन दशांश नऊ. तीन दशांश एक. दोन दशांश दोन. एक दशांश चार. शून्य दशांश नऊ.

चोवीस वर्षांत हजारो जर्नलं तपासलेल्या माणसाला बसवलेला आकडा वासावरून कळतो. हे आकडे बसवलेले नव्हते. ते वेडेवाकडे होते, एक दिवस जास्त उडी, एक दिवस कमी, आणि सगळे मिळून एकाच दिशेला निघाले होते.

भिंतीवरच्या पडद्यावर डोंगरकान हिरवागार होता. 'उतार स्थिर. केबलमध्ये दोष आढळल्याने स्वयंदुरुस्ती केली आहे. सलग अकरावा दिवस.'

"घरी कुणाला सांगितलंस?"

"बाबांना. त्यांनी पहाटे म्हशी सोडल्या आणि सगळ्यांना घेऊन पलीकडच्या सड्यावर, सपाटीला गेले."

"तुझ्या एकटीच्या सांगण्यावरून?"

"माझ्या नाही," ती म्हणाली. "रीडिंगवरून."

*

तीन नंबरची नळी शाळेपासून वीस मिनिटांच्या चढावर होती, पायवाटेपासून जरा आत, कारवीच्या दाटीत. सर तिथे दोन वर्षांत गेले नव्हते. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की झाकण उघडायचं, टेप साडेचार मीटर जाऊ द्यायची, मुलीची समजूत घालायची आणि पावणेदहापर्यंत परत येऊन हार मोजायचे. चढताना ते बोलतही होते. टेपमध्ये दोष कसे येतात यावर त्यांनी ईश्वरीला सात मुद्दे सांगितले. आठव्याला त्यांचा पाय घोट्यापर्यंत मातीत गेला आणि बूट आतच राहिला.

कारवीतून वाट नव्हती. ईश्वरीने येताना घेतलेल्या विळ्याने फांद्या तोडल्या. मग नळी दिसली.

झाकणावर मुंग्यांनी मातीचं घर केलं होतं. बिजागरी गंजून एकजीव झाली होती, आणि तिच्यातून नेच्याचं एक कोवळं पान वर आलं होतं.

सरांनी खिशातला टॅब काढला. नळी तीन. काल, सकाळी सात पंचवीस. वाचक : चौथा गट. चार दशांश पाच आठ. परवा चार दशांश पाच सहा. त्याआधी चार दशांश पाच नऊ. दशांशात थोडा फरक होता. बाहेरच्या परीक्षकाला बोलायला जागा नव्हती.

"दगड दे," सर म्हणाले. 

चौथ्या घावाला झाकण निघालं. सरांनी टेप सोडली. ती आत गेली न गेली तोच वाजली. त्यांनी वर ओढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मग त्यांनी नळीत हात घातला, आणि कोपराच्या खूप आधी त्यांची बोटं पाण्याला लागली.

तीस सेंटीमीटर.

आजूबाजूला ऊन पडलं होतं, एक बुलबुल ओरडत होता, आणि खाली मांडवात कुणीतरी माईकवर एक दोन तीन करत होतं. सरांनी आकडा भरला. त्यांच्या नोकरीतलं हे पहिलं रीडिंग, जे त्यांनी बघून लिहिलं. टॅब लगेच लाल झाला. 'फेरतपासणी. अपेक्षित ४.५५. इतर पाच नळ्यांशी विसंगत. कृपया काळजीपूर्वक निरीक्षण करा.'

"माझ्यावर पण असंच यायचं," ईश्वरी म्हणाली.

*

ते घसरत, धडपडत खाली आले तेव्हा दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. शाळेची तीनशे मुलं मांडवात बसली होती. नऊ बस पुलापलीकडच्या वळणावर दिसत होत्या. मुख्याध्यापिका कल्पलता सावर्डेकर बाईंनी सरांकडे वरून खाली पाहिलं. एकाच पायात बूट.

"टेमघरे सर, हे काय?"

"बाई, बस पुलापलीकडेच थांबवा. मुलांना इथून हलवायला हवं. डोंगर सुटायच्या बेतात आहे."

"डोंगरकान हिरवा आहे."

"तो हिरवाच राहणार. आपण त्याला हिरवाच शिकवलाय."

बाईंना कळलं नाही. सरांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडे कुणी तरुण मुलगा होता, अदबीने बोलणारा.

"सर, तुमचा उतार स्थिर दिसतोय. एक विसंगत रीडिंग आत्ता आलंय, ते यंत्रणेनं बाजूला काढलंय."

"ते एकच खरं आहे. बाकीची बाजूला काढा."

"तशी सोय आहे सर. पण कारण निवडावं लागतं. समन्वयकालाच निवडता येतं. वाचू का? एक, उपकरणात बिघाड. दोन, वन्य प्राणी. तीन, वीज. चार, इतर."

मांडवात कुणीतरी स्वागतगीताचा पहिला सूर लावला. सरांसमोर तीन सभ्य कारणं उभी होती. माकडांवर ढकललं असतं तर माकडं काही बोलणार नव्हती.

"चार," सर म्हणाले.

"इतर म्हणजे काय, ते लिहावं लागेल सर."

"इतर म्हणजे मी."

पलीकडची कळफलकाची टकटक थांबली.

"लिहा. समन्वयक यशवंत टेमघरे यांनी मुलांना अपेक्षित आकडा पाहून रीडिंग भरायला शिकवलं. चार वर्षं."

सावर्डेकर बाईंनी खुर्चीचा हात धरला. "सर, काय बोलताय तुम्ही? एकोणीस मुलं वसतिगृहात आहेत. त्यांचं काय होईल?"

"त्यांचं काय होईल ते मला माहीत नाही. या तीनशेंचं माहीत आहे."

"लिहिलं सर," पलीकडचा मुलगा म्हणाला. आता त्याच्या आवाजातली अदब जाऊन घाई आली होती. "पण रद्द कुठली करू? सगळी केली आणि त्यात काही खरी असली, तर हिशेब पुन्हा चुकेल. कुठली खरी ते सांगा."

ते सरांनाही माहीत नव्हतं. ते मांडवात गेले, स्वागतगीत गाणाऱ्या मुलीच्या हातातून माईक घेतला. पुढच्या रांगेत वाचकांचे सहा गट निळे बिल्ले लावून बसले होते.

"वाचक गटांनी ऐका," सर म्हणाले. "या पावसाळ्यात ज्यांनी नळीचं झाकण स्वतःच्या हाताने उघडलंय, त्यांनी हात वर करा. कुणाला शिक्षा नाही. चूक माझी आहे."

चाळीस मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्नाचं अपेक्षित उत्तर कुठे दिसतंय का, ते शोधत होती बिचारी. मग चौथ्या गटाचा प्रमुख रुद्र कासेकर, ज्याच्या गळ्यात अर्ध्या तासाने हार पडायचा होता, उभा राहिला.

"सर, आम्ही उघडलं होतं. पण गेल्या वर्षी. आतून विंचू निघाला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर दशांशात फरक ठेवला."

मांडवाच्या पार मागे, रांगोळीच्या मुलींत, चिखलाने माखलेला एकच हात वर होता.

"सगळी रद्द करा," सर फोनमध्ये म्हणाले. "फक्त माझं ठेवा. आत्ताचं."

चाळीस सेकंद लागले. अकरा दिवस केबल जे सांगत होती आणि जे खोटं समजून पुसलं जात होतं, ते सगळं संगणकाने परत मांडलं. पडद्यावरचा हिरवा रंग पिवळ्याला न थांबता थेट लाल झाला. भोंगा वाजला. तो आजवर कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे दोन-तीन पालकांनी टाळ्या वाजवल्या.

*

तीनशे मुलं, खालच्या आळीतली बावीस घरं, स्वयंपाकी, मांडववाले आणि लाऊडस्पीकरवाला, सगळे पुलावरून पलीकडच्या बाजारतळावर, तिथेच थांबवलेल्या नऊ बसपाशी आले. सव्वाअकराला शेवटची म्हातारी खुर्चीसकट आणली गेली. आठशे माणसांचा मसालेभात शाळेतच राहिला.

आणि मग काहीच झालं नाही.

बारा वाजले. ऊन कडक झालं. डोंगर इतका हिरवा आणि शांत दिसत होता की चित्रकाराने काढला असता तर त्याला कुणीतरी म्हटलं असतं, जरा कमी कर. साडेबाराला सहसंचालकांनी गाडीची काच खाली करून विचारलं, अजून किती वेळ. एकला मांडववाला म्हणाला की निदान कापड तरी काढून आणतो, आणि त्याला चौघांनी धरून बसवलं. दीडला लहान मुलं भुकेने रडायला लागली. खालच्या आळीचा एक माणूस सरांच्या समोर येऊन म्हणाला, "मास्तर, गोठ्यात गाभण गाय आहे माझी. डोंगर पडणार की नाही ते एकदा सांगा."

"यंत्र लाल आहे," सर म्हणाले.

"काल हिरवं होतं."

माणूस पुलाच्या दिशेने चार पावलं गेला. मग त्याच्या बायकोने हाक मारली, म्हणून थांबला. पुन्हा चार पावलं गेला.

सावर्डेकर बाई सरांच्या शेजारी दगडावर बसल्या. "आता नाही पडला," त्या हळूच म्हणाल्या, "तर तुमची नोकरी जाईल, शाळेचं नाव जाईल, आणि तुम्ही सांगितलेलं खरं होतं यावर कुणाचा विश्वासही बसणार नाही."

सर डोंगराकडे बघत राहिले. पड, असं त्यांच्या मनात आलं. एकदाचा पड बाबा. सगळी माणसं इकडे आहेत, आता तुझं काय जातं? त्यांनी उतारावरची झाडं न्याहाळली. एखादं कललंय का? ते माथ्यावरचं नान्याचं झाड कललंय. कललंय असं म्हणता येईल.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. चोवीस वर्षं ते हेच करत होते. निष्कर्ष तळाशी लिहून झाला होता, आणि ते वर चढत, डोंगरालाच बसवायला निघाले होते. त्या डोंगराखाली शाळा होती, बावीस घरं होती, एक गाभण गाय होती.

"सर," ईश्वरी शेजारी येऊन उकिडवी बसली होती. "नाही पडला तर?"

"तर 'पडला नाही' असं लिहायचं," सर म्हणाले. "आणि उद्या पुन्हा नळीत टेप सोडायची."

"मी सोडू?"

"तूच सोड. मला शिकव जरा. माझी टेप वाकडी जात होती."

ती पहिल्यांदा हसली. "कडेला घासती तुमची. मधोमध धरावी लागती."

सरांनी मान हलवली. डोंगराकडे पाहिलं की मनात पुन्हा तेच येत होतं, म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

आवाज आधी पायांतून आला. मग बाजारतळावरच्या शेडचे पत्रे थरथरले, कुणीतरी किंचाळलं, आणि मालगाडी जवळून जावी तसा एक लांबलचक घोगरा गडगडाट सुरू झाला, तो थांबेचना. त्यातच लोखंड मुडपल्याचा एक बारीक आवाज आला. मग नदीत काहीतरी प्रचंड कोसळलं आणि पाण्याचे शिंतोडे बाजारतळापर्यंत उडाले.

सरांनी डोळे उघडले तेव्हा डोंगराच्या मध्यापासून खाली एक लालभडक पट्टा होता. शाळा नव्हती. मांडव नव्हता. खालच्या आळीची वरची नऊ घरं नव्हती. गाईवाल्या माणसाचं घर होतं, गोठा निम्मा होता, आणि उरलेल्या निम्म्यातून गाय हंबरत होती. तो पुलाच्या अलीकडच्या टोकावर खाली बसला होता.

मोजणी झाली. पुन्हा झाली. एकही माणूस कमी नव्हता. ईश्वरीच्या वडिलांचा फोन आला. सड्यावर सगळी ठीक होती. तिने तो कानाला लावला आणि इतका वेळ न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली.

मग काय करायचं हे कुणालाच सुचेना. रुद्र कासेकरला सुचलं. त्याने टॅब काढला, घटनेची नोंद उघडली आणि सवयीने सरांकडे आला.

"सर, वेळ काय लिहायची? दोन सत्तेचाळीस ना?"

"अठ्ठेचाळीस," त्याच्याच गटातली मुलगी म्हणाली.

"सत्तेचाळीसला झाडं हलली. मी बघितलं."

"पण आवाज अठ्ठेचाळीसला आला."

"शाळेचं छत एकोणपन्नासला गेलं," आणखी एक जण म्हणाला. "मी घड्याळ बघत होतो."

आता वीस-पंचवीस मुलं भोवती जमली होती. सगळे टॅब उघडे, सगळी बोटं रकान्यावर थांबलेली, सगळे डोळे सरांच्या तोंडाकडे. आज रकान्यात फिकट अक्षरांत काहीच नव्हतं.

"सर, नक्की कुठली लिहू? तुम्ही सांगा ना एक."

"तू बघितलीस ती लिही," सर म्हणाले. "आणि काय बघून धरलीस, तेही लिही."

"पण मग सगळ्यांची वेगळी येणार."

"येऊ देत."

मुलं जरा घुटमळली. मग एकेक जण खाली बसून लिहायला लागलं. कुणी कुणाच्या टॅबमध्ये डोकावलं नाही. ईश्वरीने डोळे पुसले, वहीची प्लास्टिकची पिशवी सोडली, आपली वेळ लिहिली आणि वही सरांच्या पुढे धरली. पुढची ओळ रिकामी होती.

"सर, तुमची?"

सरांनी पेन घेतलं. भोवताली तीन आकडे होते. तिन्ही चांगले होते, आणि मधला घेतला असता तर कुणाला काही वाटलं नसतं. त्यांनी तारीख घातली, नाव घातलं, आणि वेळेच्या रकान्यात सावकाश लिहिलं : 'निरीक्षण घेतलं नाही. डोळे मिटले होते.'